राहील की परत

चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, असा आमच्या आयसीयूत नियम होता. पण सहा-सात माणसांचीच ती अक्षरं, एकमेकांना ओळखू न यायला काय झालं? सिस्टर शाळेतल्यासारखं सुबक लिहायच्या, आरएमओचं, म्हणजे आयसीयूतल्या ज्युनियर डॉक्टरचं, अक्षर त्याला स्वतःलाही लागत नसे, आणि साफसफाईच्या मावशींना लिहिता येत नसल्यामुळे त्या गोल किंवा फुली काढायच्या. गोल म्हणजे राहील, फुली म्हणजे परत.

व्हेंटिलेटरवरच्या एखाद्या पेशंटची नळी काढायचं ठरलं की डॉक्टर आधी आमच्या प्रत्येकाच्या हातात कागदाचा कपटा द्यायचे. हा माणूस पुढचे दोन दिवस स्वतःच्या श्वासावर राहील, की त्याला परत नळी घालावी लागेल? उत्तर एका शब्दात. डॉक्टर स्वतःही लिहायचे, कपट्याची चार वेळा घडी घालायचे. सगळे कपटे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचे आणि बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी डबा उघडायचा. एक मिनिट आधी नाही.

"तोंडाने काय वाटेल ते बोला," ते म्हणायचे. "पेशंटच्या बायकोला धीर द्या, पोरांना धीर द्या, मला शिव्या द्या. पण चिठ्ठीत खोटं लिहिलंत तर या दारात पुन्हा पाय ठेवू नका."

नवीन आलेल्या माणसाला हा जुगार वाटायचा. मलाही पहिल्या आठवड्यात वाटला होता आणि मी तसं बोललेही होते. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "बाय, आपण सगळे नंतर शहाणे होतो. नळी परत घालावी लागली की जो तो म्हणतो, मला वाटलंच होतं. वाटलं होतं ना? मग आधी लिहून दाखव." हिशेब केला तेव्हा सगळ्यात जास्त वेळा मावशी बरोबर निघाल्या. हे डॉक्टरांनी आम्हाला मोठ्या आनंदाने सांगितलं आणि आरएमओचं तोंड दिवसभर पडलेलं होतं.

आमचं हॉस्पिटल वसईला, माणिकपूरच्या एका गल्लीत होतं. खाली औषधांचं दुकान, वर दोन मजले खाटा, त्याच्यावर सहा खाटांचा आयसीयू. कोविडच्या काळात घेतलेली चार मशीनं तिथे होती. मी छातीची फिजिओथेरपिस्ट. पेशंटची पाठ थोपटून कफ सुटा करायचा, त्याला खोल श्वास घ्यायला शिकवायचं, खोकायला शिकवायचं, हे माझं काम. घर विरारला मनवेलपाड्यात, वय सव्वीस, आणि आपल्याला माणसं कळतात अशी एक ठाम समजूत.

डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ. साठी उलटलेली. वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात त्यांची केळी आणि पानवेलीची वाडी, जुनं ख्रिस्ती घर. स्कूटरवर पायाशी रोज काही ना काही ठेवलेलं असायचं, कधी अळूची जुडी, कधी सुकेळीचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं. पुडकं सिस्टरच्या टेबलावर आपटून म्हणायचे, "खा. मधुमेह असलेल्यांनी चोरून खा." अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चामड्याच्या चपला. गळ्यात स्टेथोस्कोप घालून बाहेर हिंडणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग होता.

"पस्तीस वर्षं माणसं झोपवण्यात गेली," असं ते म्हणायचे, "उरलेली उठवण्यात जाऊ देत."

नातेवाइकांना ते आवडायचे नाहीत. 'बरा होईल' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. सातिवलीत प्लास्टिकचा कारखाना असलेल्या, एका पेशंटच्या मुलाने विचारलं होतं, "डॉक्टर, चान्स किती टक्के? म्हणजे मला तयारीला बरं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या वडिलांची नळी मी एकदाच काढणार आहे, शंभर वेळा नाही. टक्के कशाचे काढू?" मुलगा मॅनेजमेंटकडे तक्रार करून आला. तक्रारीचं काही झालं नाही, कारण हे काम करणारा दुसरा माणूस विरारपर्यंत कोणाला मिळत नव्हता.

त्यांच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा असायचा. पेशंटचा खोकला पुरेसा जोरदार आहे का, हे बघायला नळीच्या तोंडासमोर कोरा पुठ्ठा धरतात. पेशंट खोकला की त्याच्यावर ओल उमटली पाहिजे. ओल उमटली तर कफ बाहेर टाकण्याइतका जोर आहे. डॉक्टर त्यासाठी पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू वापरायचे. "लग्नाला तर मला जायला होत नाही, निदान असा उपयोग होऊ दे." ओली झालेली पत्रिका उजेडात धरून ते किती तरी वेळ बघत बसायचे, आणि पलीकडच्या बाजूने वधू-वरांची नावं आम्हाला उलटी दिसायची.

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती वर्तमानपत्राची.

पेशंट मशीनवरून सुटेल की नाही हे ठरवायला अर्धा तास मशीनची मदत जवळजवळ काढून घेतात आणि तो स्वतःच्या दमावर कसा श्वास घेतो ते बघतात. मिनिटाला श्वास किती, आणि एकेक श्वास केवढा. भराभर आणि उथळ असेल तर माणूस दमतोय. संथ आणि भरीव असेल तर नळी काढायला हरकत नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. पुढचं डॉक्टरांचं. ते मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून घ्यायचे, खाटेशेजारी प्लास्टिकचं स्टूल ओढायचे आणि पेपर उघडून वाचायला लागायचे. खरोखर वाचायचे. आधी निधनवार्ता. "आपलं कोणी आहे का बघतो," म्हणायचे.

"आपल्याला मोजतायत हे कळलं की माणूस श्वास घेत नाही," हे त्यांचं सांगणं. "श्वास करून दाखवतो. आणि तुम्ही अर्धा तास एकसारखं बघत बसलात तर तुम्ही त्याच्या बाजूचे होता. त्याला सुटायचं असतं, तुम्हाला त्याला सोडवायचं असतं. मग मोजणार कोण?"

म्हणून ते अर्ध्या तासात तीनदाच मोजायचे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. एकेक मिनिट. मधल्या वेळात मान वर नाही. पेशंटला वाटावं, हा म्हातारा नुसता सोबतीला बसलाय.

कधी मोजतात ते कोणालाच कळत नसे. मला कळायचं. दोन वर्षं मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तेच तर बघत होते. एरवी त्यांचा एक पाय सतत हलत असायचा. मोजायची वेळ आली की पेपर दोन बोटं खाली यायचा, पाय थांबायचा, पानाची सळसळ बंद व्हायची. मिनिट संपलं की पान उलटायचं. हे गुपित आपल्याला एकटीला कळलंय, याची मला गंमत वाटायची.

माझ्या त्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बँडवाले मास्तर आले. किनाऱ्याकडच्या एका गावचे, वय साठीच्या घरात. गावात लग्न असो की चर्चचा सण, मास्तरांच्या ट्रम्पेटशिवाय कुणाचं पाऊल हलत नसे, असं त्यांची बायको सांगायची. दमा जुनाच, त्यात न्यूमोनिया झाला. न्यूमोनिया हटला, पण मास्तर मशीनवरून सुटेनात. दोनदा अर्धा तास देऊन पाहिला, दोन्ही वेळा दहा मिनिटांत धाप लागली. तोंडात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. बायकोने लहान मुलांची पाटी आणून दिली होती, तिच्यावर लिहायचे. मी पाठ थोपटायला गेले की हाताच्या तीन बोटांनी चादरीवर ट्रम्पेटची बटणं दाबत बसलेले असायचे.

गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना समजावलं. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. आता गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालू. त्रास कमी होईल, घाई करावी लागणार नाही, हळूहळू मशीन सुटेल. मग ती नळी काढली की छिद्र आपोआप बुजतं. डॉक्टर एवढं बोललेले मी क्वचितच ऐकले असतील. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'भोक नको. फुंकणार कशाने?'

"बुजतं मास्तर. तीन-चार महिन्यांनी फुंका की."

मास्तरांनी 'भोक नको' याच्याखाली रेघ मारली. पेन्सिल मोडली.

त्यांची बायको दारातून म्हणाली, "डाक्टर, ते नाय ऐकनार. त्यांचं सगलं आयुष्य त्या फुंकन्यात गेलंय. गल्याला हात लावला ना, तर ते जगनार नाय."

डॉक्टरांनी मास्तरांच्या हातातली मोडकी पेन्सिल काढून घेतली. मग म्हणाले, "शनिवारी आणखी एकदा बघतो. जमलं तर नळी काढू. नाही जमलं तर सोमवारी गळा. मग रुसायचं नाही."

शुक्रवारी दुपारी मी मास्तरांची पाठ थोपटून झाल्यावर हात पुसत होते. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. 'पास कसं व्हायचं?'

मी हसले. मास्तर हसत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. हात पाटीला अडकलेले, तोंड नळीला. मला त्यांची फार दया आली. हे मी आजही खोटं म्हणणार नाही. त्या दयेत थोडी फुशारकीही होती, हेही खरं. डॉक्टर फार काटेकोर आहेत, माणसाच्या जिद्दीला ते काही किंमत देत नाहीत, असं मला तेव्हा वाटत असे.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. "काका, डॉक्टर पेपर वाचतात ना, ते मोजत नसतात. पेपर जरा खाली आला, पाय हलायचा थांबला की मोजतात. तीन वेळा. पान उलटेपर्यंत. तेवढा वेळ संथ, खोल घ्या. मी शिकवलंय तसं. बाकीच्या वेळात दम खा."

मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पाटीवर लिहिलं, 'तीन एन्ट्री.' बँडवाल्याला आणखी काय सांगायचं? किती वेळ गप्प राहायचं आणि नेमकं कुठे फुंकायचं, हेच तर जन्मभर केलेलं. मग तळहाताने पाटी स्वच्छ पुसून टाकली.

शनिवारी सकाळी डॉक्टर स्टुलावर बसले, निधनवार्ता उघडल्या. मी पायथ्याशी होते. सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाइन बदलत होत्या. दोन-तीन मिनिटांनी पेपर दोन बोटं खाली आला. मास्तरांची छाती संथ वर आली, संथ खाली गेली. पुन्हा वर. इतका सुरेख श्वास मी त्या खाटेवर पाहिला नव्हता. पान उलटलं, डॉक्टर वाचायला लागले आणि मास्तरांचं सगळं सुटलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, पोट आत आणि छाती बाहेर, एकामागून एक तोकडे श्वास. मी मनात मोजले. पस्तीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं. मास्तर माझ्याकडे एकटक बघत होते.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, "सर, आत्ता बघा." तीन शब्द. पेपर दुसऱ्यांदा खाली आला, तिसऱ्यांदा खाली आला. मी बोलले नाही.

"अठरा, वीस, एकोणीस," डॉक्टर उठत म्हणाले. श्वासाचा आकारही चांगला होता. पत्रिकेवर ओल उमटली. रक्ताचा रिपोर्ट काठावर होता, पण अलीकडच्या काठावर. "मास्तर, तुम्ही तर मला खोटं पाडलंत," असं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मग कपटे वाटले.

मी लिहिलं, 'परत.'

का लिहिलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. चिठ्ठीत खोटं लिहायची माझी छाती झाली नाही, हे एक. दुसरं म्हणजे मला वाटलं, लिहिलं की सांगितल्यासारखंच आहे. डबा त्यांच्याच टेबलावर होता, त्याला कुलूप नव्हतं. स्वतः नियम मोडून बसलेली मी, डॉक्टरांनी नियम मोडून आत बघावं म्हणून वाट बघत होते. त्यांनी काही बघितलं नाही. हात धुतले आणि नळी काढली.

मास्तर बराच वेळ खोकले. मग घोगऱ्या आवाजात त्यांचा पहिला शब्द आला. माझ्याकडे बघून विचारलं, "पास?"

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी ते बायकोशी बोलले. थोडंसं पाणी प्यायले. गल्लीतल्या कुणाच्या तरी लग्नाचा बेंजो खालून वाजत गेला तर तोंड वाकडं केलं. रविवारी दुपारी मी ड्युटीवर होते. मास्तर खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात टेबलावर रोवून बसलेले होते. हाक मारली तर ओ देत नव्हते. तोंडाला मास्क लावून पाहिला, उपयोग झाला नाही. डॉक्टर चर्चच्या कसल्याशा कार्यक्रमातून तसेच आले. नळी परत घालताना मास्तरांचं हृदय थांबलं. चार-पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झालं. मास्तर मात्र शुद्धीवर आले नाहीत.

शुक्रवारी ते गेले. आदल्या दिवशी फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. बायकोने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "एक दिस मी त्यांचा आवाज ऐकला, डाक्टर. तेवडं तुमी दिलंत." मी औषधांच्या कपाटामागे उभी होते. गळ्यातून नळी घातली असती तर मास्तर जगले असते का? कोण सांगणार. पण जगण्याची ती एक वाट होती, आणि ती मी बंद केली होती.

डबा त्याआधीच, ठरल्या वेळेला, सोमवारी उघडला होता. राहील, राहील, राहील, राहील. मावशींचा गोल. आणि एक परत.

डॉक्टर तो कपटा तळहातावर ठेवून माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारतील आणि मी सांगून टाकीन. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

"हे तुझं अक्षर," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "बाय, तुला काय दिसलं गं?"

माझी सगळी वाक्यं पळाली. ते माझ्यावर संशय घेत नव्हते. ते माझ्याकडे शिकायला आले होते.

"सहज वाटलं, सर."

"सहज नसतं वाटत. नीट आठव. मान? पोट? डोळे? मी समोर बसलो होतो आणि मला दिसलं नाही. तुला दिसलं."

पुढे कितीतरी दिवस ते विचारत राहिले. जेवताना, जिन्यात, स्कूटर सुरू करता करता. एकदा तर सुकेळीचं पुडकं नुसतं माझ्या एकटीच्या हातात दिलं. मी काहीबाही सांगितलं: मानेचा एक स्नायू, कपाळावरचा घाम. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. खोटं बोलायला एकदाच धीर लागतो, पुढचं आपोआप होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी पेपर आणणं बंद केलं. अर्धा तास पेशंटच्या छातीकडे टक लावून बसायचे. आकडे झाले, पत्रिका ओली झाली, रिपोर्ट आला, की माझ्याकडे वळून विचारायचे, "काढू?" ज्या माणसाने जन्मात कोणाला विचारलं नाही, तो मला विचारायचा. आणि मी म्हणायचे, "थांबूया, सर." मास्तरांनंतर मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. नळी काढली आणि काही झालं तर? थांबलं तर निदान आज काही होणार नाही.

तीन नंबरच्या खाटेवर आगाशीची एक आजी होती. एकवीस, वीस, एकवीस. पत्रिका चिंब. आजी हाताने नळी उपटायला बघत होती, सिस्टरने तिचे हात बांधून ठेवलेले. डॉक्टरांनी विचारलं, "काढू?" मी म्हटलं, "थांबूया." पाच दिवस थांबलो. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, छातीत नवीन जंतू सापडले. मशीनवर गरजेपेक्षा एक दिवस जास्त राहिलं तरी हे होऊ शकतं, हे डॉक्टरांनीच मला पहिल्या महिन्यात शिकवलेलं. आजी घरी गेली नाही. मावशी फरशी पुसता पुसता पुटपुटल्या, "म्हातारी सुटली असती. कोनी इचारलं नाय मला." डबा आता कपाटावर धूळ खात होता. नळ्याच निघत नव्हत्या, तर चिठ्ठ्या कशाच्या लिहायच्या?

असे आणखी काही पेशंट झाले. सगळेच गेले असं नाही. काही उशिरा घरी गेले, काही खंगून गेले. वर्षभराने डॉक्टरांनी काम सोडलं. हात थरथरतो, असं त्यांनी मॅनेजमेंटला सांगितलं. त्यांचा हात मी कधीही थरथरताना पाहिला नाही.

मीही दुसरीकडे नोकरी धरली. तीन वर्षं गेली. मध्यंतरी सिस्टरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, डॉक्टर अजून तुझं नाव काढतात. परवा नर्सिंगच्या मुलींपुढे बोलायला आले होते. म्हणाले, अशी एक मुलगी होती, जे मला पस्तीस वर्षांत दिसलं नाही ते तिला दिसलं." फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. त्या मुली आता मानेचा तो स्नायू बघत बसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या वाडीत गेले. डॉक्टर ओटीवर केळीच्या सोपाने, खोडाच्या वाळल्या सालीने, विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसले होते. वाळले होते. मला बघून इतका आनंद झाला की सोप हातातून सुटलं. आत हाक मारली, "अगं, ती आलीय बघ! माझी मास्तरीण!" त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या, हसल्या, चहा ठेवायला आत गेल्या.

मी बसलेही नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शुक्रवारची दुपार, पाटी, पेपर दोन बोटं खाली येतो ते, मास्तरांच्या तीन एन्ट्री. मधल्या वेळात मी काय पाहिलं ते. मानेचा स्नायू खोटा होता तेही.

डॉक्टर ऐकताना जुडी बांधत होते. गाठ मारून झाली, जुडी खाली ठेवली.

"अठरा, वीस, एकोणीस," ते म्हणाले.

"हो, सर."

"तेवढ्या तेवढ्या मिनिटात खरंच तेवढेच होते?"

"तेवढेच होते."

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी मास्तर गेल्यापासून पाहिला नव्हता. मी शिव्यांची तयारी करून गेले होते, आणि हा माणूस माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसत होता. "बरोबर मोजलं होतं मी," ते पुन्हा म्हणाले आणि आत वळून मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का, मी त्या वेळी—"

आणि थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. ते हळूहळू माझ्याकडे वळले.

"तीन नंबरची आजी," ते म्हणाले. "एकवीस, वीस, एकवीस."

मी मान खाली घातली.

"तेही बरोबर मोजलं होतं मग."

त्यांच्या पत्नी दारात आल्या. "काय म्हणत होतात? काय ऐकू?"

"काही नाही. हिला पाणी दे."

त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि करंगळी मिटली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. खाटेचा नंबर, मग तीन आकडे, मग पुढचं बोट. अनामिका मिटली. मधलं मिटलं. मला वाटलं, त्यांचा हात धरावा आणि म्हणावं, सर, पुरे. पण थांबूया म्हणायचा अधिकार मी केव्हाच घालवला होता. अंगठाही मिटला. मग त्यांनी डावा हात मांडीवर घेतला.